फायरवॉलखालची अकरा मिनिटं

संगमनेर,
५ ऑगस्ट २०२५

सोपानदादास,
सप्रेम जयभीम.

तू माझा नंबर ब्लॉक केलास. आईच्या फोनवरून लावला तर माझा आवाज ऐकून ठेवून दिलास. म्हणून हे पत्र शेवगावला तुझ्या सासुरवाडीच्या पत्त्यावर रजिस्टरने पाठवतेय. पोस्टातल्या माणसाने विचारलं, ताई, कोर्टाचं काय? भावाला आहे म्हटल्यावर तो माझ्याकडे बघतच राहिला.

जयमाला वहिनींनी आईला सांगितलं की डाव्या हाताची तीन बोटं काढल्यापासून तू जेवायला सगळ्यांबरोबर बसत नाहीस. आई ते ऐकून दोन दिवस नीट जेवली नाही. हे तुला दुखवायला लिहीत नाही. पण तू एकटाच भोगतोयस असं समजू नकोस.

तू सगळ्यांना सांगतोस, दूध संघाच्या कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग माझ्या बहिणीने पुसलं. पुसलं, हे खरं आहे. आता कसं ते ऐक.

दूध संघाने पोलिसांना लिहून दिलं की १८ जूनला टँकरचालक सोपान दारू पिऊन आला, वॉचमन अजिनाथबाबांच्या तोंडावर त्याने चाक खोलायची लोखंडी टॉमी मारली आणि पळताना स्वतःचा हात टँकरच्या दारात चेचून घेतला. तू लिहून दिलंस की दुधाचा नमुना फेल गेल्याचं तुझ्यावर ढकलायला अध्यक्षांच्या पुतण्याने, पार्थने, दोन माणसं घेऊन तुला मारलं, आणि टँकरच्या मागे दूध सोडायचा नळ असतो त्या व्हॉल्व्हपेटीत तुझा हात असताना तिचं दार अजिनाथबाबांनी दाबून धरलं. कोण खरं, हे सांगणारी एकच गोष्ट होती. टँकर रिकामे करायच्या डॉकवरच्या कॅमेरा नंबर सहाची अकरा मिनिटं.

मी सांभाळते तो कॉम्प्युटर रूममधला काळा सर्व्हर तुला माहीत आहे. त्या एका डब्यात लिनक्सवर तीन वेगळे कॉम्प्युटर चालतात, खरे नाहीत, आत मांडलेले. एकावर दुधाच्या पावत्या, एकावर लॅब, एकावर कॅमेरे. कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग वेगळ्या डिस्कवर. शेजारच्या तालुक्यातल्या एका डेअरीत मे महिन्यात व्हायरस शिरला, तेव्हापासून आपल्या अध्यक्षांनी, आप्पासाहेबांनी, फायरवॉलचं मनावर घेतलं होतं. फायरवॉल म्हणजे बाहेरून कोण आत शिरतंय ते बघून अडवणारा दरवान. तोही आता डबा म्हणून येत नाही, फाईल म्हणून येतो. सर्व्हरवर त्याला जागा द्यायची, एक जोडणी बाहेरच्या लाइनला, एक आतल्या, आणि चालू करायचा.

आप्पासाहेब रूममध्ये येऊन म्हणाले होते, "एवढं मोठं नाव आन् हातात धरायला कायच न्हाई व्हय?" मी समजावलं. जागा कमी आहे, असंही सांगितलं. ही तारीख २० जून. ते कॅमेऱ्यांच्या पडद्याकडे बघत म्हणाले, "जागा करा की. जुनं काय उराशी धरायचंय?"

मी जागा केली. नोकरी करते मी तिथे. सांगितलं ते केलं. तेवीसला पोलीस आले तेव्हा 'तांत्रिक कारणास्तव रेकॉर्डिंग उपलब्ध नाही' असं लिहून सही दिली. झालं ते एवढंच.

उत्तर लिही. शिव्या असल्या तरी लिही.

तुझी भारती


संगमनेर,
१६ ऑगस्ट २०२५

दादा,

माझ्या पत्राचे चार तुकडे करून, नव्या पाकिटात घालून, वर तिकीट लावून परत पाठवलेस. तुझ्या हट्टाला तोड नाही. लहानपणी माझी पाटी फोडून तीही अशीच नीट दप्तरात भरून दिली होतीस. पण तुकडे करायच्या आधी वाचलं असणार, कारण 'सांगितलं ते केलं' याच्याखाली तुझ्या पेनाची रेघ आहे. रेघ इतकी दाबून ओढलीस की कागद फाटलाय.

बरं. मी ते रेकॉर्डिंग न बघता पुसलं नाही. १९ जूनला सकाळी, ऑफिस भरायच्या आधी, बघितलं. पूर्ण अकरा मिनिटं.

आवाज नाही त्यात. पार्थने जातीवरून काय म्हटलं ते त्यात नाही, फक्त त्याचं तोंड हलताना दिसतं आणि तुझी मान वर होते. मग त्याने तुला मारलं. तू हात वर केला नाहीस, मागे सरकलास. त्याच्या दोन माणसांनी टँकरची नळी उचलली, जिच्या टोकाला स्टीलचं कपलिंग असतं. पहिला फटका पाठीत, दुसरा कानावर. तू गुडघ्यावर आलास. पार्थने तुझ्या मानेवर पाय ठेवला आणि मोबाईलवर कुणाशी तरी बोलला. बोलताना तो हसत होता, दादा. घरी काय भाजी आहे असं विचारल्यासारखा. मग टँकर धुवायच्या कॉस्टिक सोड्याच्या गरम पाण्याची बादली त्याने तुझ्या तोंडावर ओतली. तू डोळे धरून जमिनीवर लोळत होतास, आणि एक माणूस तुझा हात डोळ्यांवरून काढून बाजूला दाबत होता, पाणी आत जावं म्हणून.

चार मिनिटं आणि काही सेकंद. पुढचं इथे लिहीत नाही.

त्या दिवशी मी बाथरूममध्ये जाऊन ओकले. तोंड धुऊन परत आले आणि पार्थला 'गुड मॉर्निंग सर' म्हणाले. त्यासाठी मला स्वतःचाच एवढा राग आहे की तुझा राग त्यापुढे काहीच नाही. हे बघूनही मी पुसलं. आप्पासाहेबांचा धाक, आईचं औषधपाणी, माझी भित्री जात. काय म्हणायचं ते म्हण.

हे फाडलंस तरी चालेल. मी परत लिहीन.

भारती


संगमनेर,
२ सप्टेंबर २०२५

दादा,

या वेळी पाकीट परत आलं नाही. वहिनींचा आईला फोन आला की तू ते उशाखाली ठेवलं आहेस. आता अर्धवट बोलून भागणार नाही.

धाकाने पुसलं हे खोटं. निदान निम्मं खोटं. आप्पासाहेब 'जागा करा' म्हणाले नसते तरी मी काही ना काही कारण काढलं असतं. रेकॉर्डिंगच्या शेवटी तू उजव्या हाताने बंपरजवळची टॉमी ओढून काढतोस आणि अजिनाथबाबांच्या तोंडावर मारतोस. एकदाच. पण चौसष्ट वर्षांचा माणूस तो. जबडा एका बाजूला गेला आणि दात सिमेंटवर सांडले. ते पडले तसे हललेच नाहीत. मला वाटलं, मेले. मला वाटलं, हे कोर्टात लागलं की माझा भाऊ दहा वर्षं आत जाणार, आणि पार्थ जामिनावर सुटून डॉकवर चहा पीत उभा राहणार. म्हणून पुसलं. तुला वाचवायला गेले आणि तुझ्या हातातला एकमेव पुरावा काढून घेतला.

आता दुसरं. हेही मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं.

डिस्कवरचं पुसलं म्हणजे जात नाही. ही जागा मोकळी आहे अशी नुसती नोंद होते. तिथे नवीन काही लिहिलं जाईपर्यंत जुनं खाली तसंच पडून असतं. मी त्या जागेवर फायरवॉल बसवला आणि कॅमेरे दुसऱ्या डिस्कवर वळवले. तो बसला वरच्या थोड्या भागात. तुझी अकरा मिनिटं खाली असण्याची दाट शक्यता आहे.

पण फायरवॉल रोज लिहितो. बाहेरून कोण आलं, कुठून आलं, कुणाला अडवलं, प्रत्येकाची ओळ. साधारणपणे असं सगळं कुणी लिहून ठेवत नाही, मोजकं ठेवतात. पण आप्पासाहेबांना रोज सकाळी टेबलावर त्याचा छापील कागद लागतो. "आज किती चोर अडवले?" असं विचारतात आणि आकडा मोठा असला की भेटायला आलेल्या माणसांना दाखवतात. रशियाचा चोर आपल्या संघात शिरत होता, असं सांगतात. म्हणून मीच पहिल्या दिवशी सगळं लिहायचं चालू केलं, साहेब खूश व्हावेत म्हणून. त्या नोंदी वाढत वाढत खाली सरकतात आणि खालचं खात जातात. अडीच महिने मी रोज सकाळी कागद छापला, त्यांच्या टेबलावर ठेवला, आणि प्रत्येक कागदामागे तुझं थोडं थोडं जात होतं हे मला माहीत होतं.

तुला पहिलं पत्र टाकलं त्या दिवशीही मी कागद छापला होता.

गेल्या रविवारी मी नोंदी बंद केल्या. तेव्हापासून आप्पासाहेबांना मी मनाने आकडे लिहून देतेय. चीन चारशे बारा, ब्राझील अठ्ठ्याण्णव. ते खूश आहेत.

तू विचारशील, मग डिस्क काढून घेऊन का येत नाहीस? सर्व्हरच्या लोखंडी रॅकची किल्ली पार्थकडे असते, हे एक. खरं कारण दुसरं. ती काढली की तुझी टॉमीही बाहेर येते. रोज सकाळी ठरवते, काढायची. दुपारी वाटतं, राहू दे. तू सांग. तुझ्या सांगण्याशिवाय मी हात लावणार नाही.

भारती


संगमनेर,
१४ सप्टेंबर २०२५

दादा,

तुझ्या सांगण्याची वाट बघता आली नाही. हे पत्र डाव्या हाताने लिहितेय, अक्षर लागलं नाही तर वहिनींकडून वाचून घे.

गुरुवारी आप्पासाहेबांनी माझा कागद कुणा इंजिनिअर पाहुण्याला दाखवला. त्या माणसाने विचारलं, रविवारचे आणि सोमवारचे ब्राझीलचे आकडे सारखेच कसे? आळस माझा, दुसरं काय. पार्थने फायरवॉल बसवणाऱ्या कंपनीच्या माणसाला फोन लावला, त्याने लांबूनच उघडून बघितलं आणि नोंदी बंद असल्याचं सांगितलं. पार्थने त्याला सगळं पुन्हा चालू करायला लावलं. वर रिपोर्ट छान दिसावा म्हणून जुन्या आठवड्याचा हिशेबही भरून काढायला लावला. मला कुणी कळवलं नाही.

शुक्रवारी सकाळी रूममध्ये गेले तर डिस्कचा दिवा थांबायचं नाव घेत नव्हता. एका दिवसात महिनाभराचं लिहून झालं होतं. मी कीबोर्डकडे गेले तेवढ्यात पार्थ आत आला आणि दार लावलं.

त्याने विचारलं, नोंदी का बंद केल्या. मी म्हटलं, जागा कमी होती. तो मूर्ख नाही. त्याने डिस्ककडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि हळू म्हणाला, "अजून हाय ना ते त्यात?"

 त्याने माझी वेणी मनगटाला गुंडाळली आणि माझं डोकं रॅकच्या कडेवर आपटलं. भुवई फुटली. मी खाली पडले नाही, कारण त्याने वेणी सोडलीच नव्हती. तो म्हणाला, भावाची तीन गेली, तुला टायपिंगला किती लागतात? रॅकचं जाळीचं लोखंडी दार त्याने उघडलं, माझा उजवा हात चौकटीवर ठेवला आणि दार मारलं. एकदा. दुसऱ्यांदा मारायला त्याने दार मागे ओढलं तेव्हा माझ्या दुसऱ्या हाताला वायर कापायचं क्रिम्पिंग टूल लागलं. मी ते त्याच्या मांडीत खुपसलं. पुन्हा खुपसलं. तिसऱ्यांदा गरज नव्हती, तो खाली बसला होता, तरी मी मारलं. हे मी पोलिसांनाही सांगितलंय. मला त्याची लाज वाटत नाही, आणि वाटत नाही याची मात्र थोडी भीती वाटते.

मग मी सर्व्हरच्या पाठीमागची वायर उपटली. नीट बंद वगैरे करायला वेळ नव्हता. डिस्कचा खटका दाबून ती बाहेर ओढली, ओढणीत गुंडाळली आणि मेन गेटमधून बाहेर पडले. तोंडावरून रक्त ओघळत होतं. डॉकवर सात-आठ जण उभे होते. तुझ्या वेळी जे उभे होते तेही त्यात होते. कुणी अडवलं नाही, कुणी विचारलंही नाही. संघाचं इंटरनेट तेव्हा बंद पडलं होतं, एवढं मात्र ऑफिसातली एक बाई ओरडून सांगत होती.

रिक्षाने तुझ्या वकिलांकडे, रेश्माताईंकडे गेले. त्यांनी आधी दवाखान्यात नेलं, मग डिस्क पोलीस आणि पंचांसमोर सील केली. माझी दोन बोटं मोडली आहेत, पण आहेत. संघाने मला काढून टाकलंय आणि माझ्यावर चोरी आणि प्राणघातक हल्ल्याचा गुन्हा घातलाय. जामीन झाला. आईला मी पायरीवरून पडले असं सांगितलं. ती म्हणाली, तुम्हा दोघांनाही पायऱ्या लई नडत्यात. तिला सगळं कळतं.

कोर्टाच्या परवानगीने डिस्कची नक्कल काढून बघणार आहेत. किती उरलंय, देव जाणे म्हणायची आपल्यात सोय नाही. मला माहीत नाही.

भारती


संगमनेर,
६ ऑक्टोबर २०२५

दादा,

साडेतीन महिन्यांनी तुझं पोस्टकार्ड आलं. एकच ओळ. 'अजिनाथने दार दाबलेलं त्यात दिसतं का?'

दिसतं.

परवा कॉलेजच्या एका सरांनी पंचांसमोर ते उघडलं. अकरांपैकी पहिली चार मिनिटं मिळाली आणि शेवटची तीन. पार्थ, नळी, बादली, सगळं स्वच्छ आहे. त्यानंतर मधली चार मिनिटं नाहीत. तिथे फायरवॉलच्या नोंदी आहेत. सरांनी दाखवल्या, नुसत्या ओळी, कुठल्या देशातून कोण आलं आणि त्याला अडवलं. त्या बहुतेक त्या गुरुवारच्या असाव्यात. मी आठवडाभर आधी डिस्क काढली असती तर ती चार मिनिटं तुझ्याकडे असती. हे माझ्यावर राहील.

शेवटची तीन मिनिटं उघडतात तेव्हा चित्रात फक्त तुम्ही दोघे आहात. तुझा हात पेटीत, आणि अजिनाथबाबा दोन्ही हातांनी, खांदा लावून दार आत दाबताहेत. मग तुझी टॉमी.

रेश्माताईंनी माझा दंड धरला, इतक्या त्या खूश झाल्या. म्हणाल्या, भारती, सुटला तुझा भाऊ. म्हातारा हात चेचतोय, स्वतःचा जीव वाचवायला त्याने मारलं, डोळ्यांनी दिसतंय. पार्थचा वकीलही खूश आहे. हात म्हाताऱ्याने चेचला, पार्थने मारहाण केली असेल तेवढीच, असं तो म्हणणार. अजिनाथबाबांना वकीलच नाही. जबडा वाकडा जुळलाय, ते बोलतात ते त्यांच्या लेकीलाही धड कळत नाही. संघाने लिहिलेल्या कागदावर त्यांचा अंगठा घेतला तेव्हा तो वाचूनही दाखवला नव्हता.

मधली चार मिनिटं रेकॉर्डिंगवर जगात एकाच माणसाने बघितली आहेत. ती मी. आता ती लिहिते. हीच कोर्टात शपथेवर सांगणार आहे, म्हणून तू आधी वाच.

बादलीनंतर तुला उठवून टँकरच्या मागे नेलं. तुझे डोळे मिटलेले होते, भाजलेले. पार्थने व्हॉल्व्हपेटी उघडली, तुझा डावा हात आत घातला आणि दार मारलं. तीनदा मारलं. तिसऱ्यांदा लाथेने. मग बाहेरून कडी घातली, हात आत असताना. तिघे निघून गेले. जाताना एकाने नळीने पाय धुतले. तू तिथे हाताने लटकून होतास, दीड मिनिट. चार माणसं लांबून बघत होती.

गेटकडून अजिनाथबाबा पळत आले. धोतराला अडखळले, उठले. त्यांनी कडी ओढली. निघाली नाही. पुन्हा ओढली. मग ते थांबले, त्यांनी दाराकडे नीट बघितलं, आणि दोन्ही हात दारावर ठेवून ते आत दाबलं.

दादा, त्या पेटीची कडी दार आत दाबल्याशिवाय निघत नाही. तू अठरा वर्षं तो टँकर चालवलास. हे तुझ्याइतकं कुणाला माहीत आहे?

तू आंधळा झाला होतास. चेचलेल्या हातावर कुणीतरी आणखी दाबतंय एवढंच तुला कळलं. ते तोंडाने काहीतरी सांगत होते, त्यांचे ओठ सारखे हलत होते, पण तुझ्या कानावर नळी बसलेली होती. तू टॉमी ओढलीस ती तेव्हा. ते पडले आणि पडताना कडी त्यांच्या हातात आली. दार उघडलं. तुझा हात बाहेर आला तो असा आला.

मी पुसलं ते तुरुंगाच्या भीतीने, असं मागे लिहिलं होतं. तेही पुरतं खरं नव्हतं. त्या सगळ्या डॉकवर तुझ्याकडे धावून आलेला तो एकटा माणूस होता आणि त्याचं तोंड तू फोडलंस. हे तुला कधी कळू नये म्हणून पुसलं. तू त्यांना शिव्या देत जगलास तरी जगशील, असं मला वाटलं. माझं चुकलं. तुझ्या शिव्यांनी तो माणूस आता तुरुंगात जायच्या बेतात आहे.

मी साक्ष दिली तर रेश्माताई म्हणतात तुला शिक्षा होऊ शकते, थोडी का होईना. पुरावा पुसला म्हणून मलाही होईल. पार्थनेच कडी घातली हे सांगायला पुढे येणारं दुसरं कुणी नाही. मी सांगणार आहे. १७ तारखेला माझा जबाब आहे. माझी सगळी पत्रं रेश्माताईंकडे दे, तू फाडून परत पाठवलेलं मी चिकटवून दिलंय. सह्या माझ्याच आहेत.

अजिनाथबाबा राजूरला लेकीकडे असतात, बाजाराच्या मागे. मी काल गेले होते. त्यांनी मला ओळखलं आणि भिंतीकडे तोंड केलं. मी काही न सांगता परत आले. दारावर कोण होतं हे तुला दिसत नव्हतं, हे त्यांना माहीत नाही. त्यांना वाटतं, तू बघून मारलंस.

सतराच्या आधी जा.

भारती